बिननारळाची लावणी

मी हे लिहायला बसलो याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या ख्रिस्ती संगतीत शास्त्र, म्हणजे बायबल, वाचता वाचता ज्यांचे डोळे अधू झाले अशी माणसं आहेत, आणि मी भोरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकणारा मुलगा आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे काही लिहिलं, तर ते बरं झालंय का हे विचारायला घरात कुणी नाही. दुसऱ्याला धीर द्यावा एवढा धीरही माझ्यापाशी नाही. तरी लिहितो, कारण गेल्या पावसाळ्यात मी आजारी पडून होतो तेव्हा मला असं काहीतरी वाचायला हवं होतं, जे, वचन वाचूनही ज्याचं मन उभारी धरत नाही अशा माणसाने लिहिलेलं असेल. संगतीत लोक उभं राहून सांगतात त्या अनुभवांच्या साक्षी दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यातच सुखरूप होत. माझं तसं झालं नाही. कुठं चुकलं तर वडीलधाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

माझं गाव पासली, वेल्ह्याच्या पुढं. वडील मी शाळेत असतानाच वारले. आई एकटी भात करते. आमची काही भातखाचरं खाली ओढ्याकाठी आहेत, काही वर डोंगराच्या कडेला. दोन्ही लागली तर वर्षाचं खायला होतं.

आई ख्रिस्ती झाली ती भोरमधल्या एका बाईंमुळे. आईचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा या बाई त्या दवाखान्यात नर्स होत्या. आता त्या निवृत्त आहेत. त्यांना आम्ही मावशी म्हणतो आणि रविवारची उपासना त्यांच्याच घरात होते. आईला वाचता येत नाही. ती दवाखान्यात असताना मावशींनी तिला ड्युटी संपल्यावर शास्त्र वाचून दाखवलं, आणि ते तिला लागू पडलं. त्यानंतर काही वर्षं ती एसटीने येऊन-जाऊन ऐकत राहिली. गेल्या पावसाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी बाप्तिस्मा घेतला. गावात कुणी मोठं भांडण केलं नाही. काका, म्हणजे माझे धाकटे चुलते, एवढंच म्हणाले, "वैनी, तुमचा द्येव चिखल करायला येतो का तेवढं बघा."

हे चिखलाचं बोलणं समजायला आमच्याकडची सावड सांगायला हवी. भाताची लावणी, म्हणजे खाचरात चिखल करून रोपं लावणं, एका घराने होत नाही. वाडीतली घरं एकमेकांच्या खाचरात उतरतात. आज तुमचं, उद्या आमचं. याला मजुरी नसते. ज्याची पाळी असेल तो आदल्या दिवशी संध्याकाळी आपल्या बांधावर शेताच्या देवाला नारळ फोडतो आणि त्या नारळाच्या खोबऱ्याचा एकेक तुकडा सावडीतल्या घरोघर पोचवतो. तुकडा दारात आला की उद्या कुठं जायचं ते कळलं. कुणी तोंडाने काही सांगत नाही. तोंडाने बोलावणं आमच्याकडे मजुराला बोलावल्यासारखं वाटतं, किंवा मग याचना केल्यासारखं.

बाप्तिस्म्यानंतरची ही पहिलीच लावणी. आईने नारळ फोडायचा नाही हे आपल्या मनाशीच ठरवलं होतं. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांची लावणी मात्र तिने एकही चुकवली नाही. खोबरं दारात आलं की ती ते घ्यायची, खायची नाही, आणि सकाळी चिखलात हजर व्हायची. मी तेव्हा भोरला होतो आणि मला कावीळ झाली होती.

डॉक्टरांनी प्रवास, पाऊस, तेल, तिखट सगळं बंद केलं. मी भाड्याच्या खोलीत पडून असायचो. एसटी स्टँड जवळच होता, त्यामुळे गाड्यांची नावं दिवसभर ऐकू यायची. वेल्ह्याच्या गाडीचं नाव पुकारलं की उठून बसावंसं वाटे. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग परत आडवा.

असाच पडलेला असताना एका दुपारी आई दारात उभी राहिली. अंगावर इरलं नव्हतं, पदर निथळत होता, आणि हातात फडक्यात बांधलेल्या भाकरीची चवड होती. एवढ्या भाकरी का आणल्यास, मला तर भाकरी बंद आहे, असं मी म्हणालो. ती भिंतीशी टेकून बसली.

"कुनी आलं न्हाई रं," ती म्हणाली.

"कुठं?"

"लावनीला. काल आपली पाळी व्हती. म्या बांधबिंध धरलं, पानी अडवलं, रोपाच्या मुठी बांधून ठिवल्या. सुकटीचं कालवन केलं वीस मान्सांचं. आन बसली बांधावर. समदी शेजारच्या बांधावरनं खाली गेली, कुनाच्या तरी दुसऱ्याच्या लावनीला. माझ्याकडं बघितलं, आन गेली."

"कुणी काही बोललं नाही?"

"येक म्हातारी म्हनली, 'येकलीच का गं?' म्या म्हनलं, 'न्हाई, प्रभू हाय.' ती बी गेली."

हे सांगताना तिला थोडं हसू आलं आणि मग ते चेहऱ्यावर राहिलं नाही. मी गादीवर, पिवळा पडलेला, आणि ती एवढ्या लांबून त्या भाकरी घेऊन आलेली, कारण त्या घरात बघवत नव्हत्या.

संध्याकाळी मावशी मला मऊ भात घेऊन आल्या. त्यांच्याबरोबर संगतीतले एक गुरुजी होते. आईने परत सगळं सांगितलं. गुरुजी भल्या मनाचे आहेत. ते लगेच म्हणाले, "मी येतो लावणीला. रविवारी सुट्टीच आहे."

आईने त्यांच्या इस्त्रीच्या पँटीकडे बघितलं. "गुरुजी, तुमाला चिखलातनं काढायलाच चार गडी लागतील."

सगळे हसले. गुरुजीही हसले आणि मग त्यांनी शास्त्र उघडून एक वचन वाचलं. चांगलं करताना थकू नका, हात गाळले नाहीत तर योग्य वेळी कापणी होईल, अशा अर्थाचं ते वचन. ते मला पाठ होतं. आईलाही ऐकून ऐकून पाठ होतं. तिने मान डोलावली, डोळे मिटले, आणि मग हळूच म्हणाली, "गुरुजी, कापनीचं खरं हाय. पर आधी लावावं लागतंय."

मावशींनी प्रार्थना केली. प्रार्थनेत त्यांनी गावाचं मन मऊ कर असं मागितलं. रोपाला उशीर होतोय हे मात्र मागण्यात राहून गेलं. मी मनात ते जोडलं, कारण मला त्याचीच भीती होती. भाताचं रोप वाट बघत नाही. वेळेत उपटून लावलं नाही तर त्याला कांडं धरतात, म्हणजे दांडा गाठाळ होतो, आणि मग ते लावून उपयोग नसतो. वरच्या खाचरांचं रोप आधी पेरलेलं होतं, म्हणजे आधी तेच हातचं जाणार होतं.

"तू गावात कुणाला विचारलंस का, का आला नाहीत म्हणून?" मी आईला विचारलं.

"काय इचारू? समद्यांना ठावं व्हती आपली पाळी. टाकलं आपल्याला. मग मान्सांफुडं पदर कशाला पसरू? प्रभूला दिसतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती परत गेली. एकटीने जेवढं लावता येईल तेवढं लावते म्हणाली. एकटीने लावणी म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. रोप उपटायला एक, मुठी वाहायला एक, चिखल करायला बैल आणि माणूस, लावायला ओळीने बाया. तिथं ती एकटी.

यापुढचे दिवस मला नीट लिहिता येणार नाहीत. उशाशी शास्त्र होतं आणि मी वाचत होतो. पण वाचलेलं गोळीसारखं काम करत नव्हतं. मी वचनं शोधायचो, जिथं जिथं देव साहाय्य करतो असं लिहिलंय ती. वाचून झाली की पाऊस तसाच, मी तसाच, आणि खाचरं तशीच. मग कंटाळून मी स्तोत्रं सलग वाचायला लागलो, चांगली-वाईट न निवडता. तेव्हा एक स्तोत्र असं सापडलं ज्यात तो माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत तक्रारच करतो. देवा, मी रात्रंदिवस हाक मारतो, तू तोंड का लपवलंस, माझे सोबती माझ्यापासून दूर का केलेस. शेवटची ओळ अंधाराबद्दल आहे आणि तिथं ते संपतं. पुढं काही नाही. मी पान उलटून बघितलं, उरलेलं स्तोत्र पलीकडे असेल म्हणून. तिथं दुसरंच सुरू झालं होतं.

माझा विश्वास वाढला असं मी म्हणणार नाही. एवढंच वाटलं की आमच्या खोलीत जे चाललंय ते शास्त्राच्या बाहेरचं नाही. कुणीतरी आधी तेच बोलून गेलंय, आणि ते खोडलं गेलं नाही. त्या दिवशी मी प्रार्थनेत चांगलं बोलायचं सोडून दिलं. आईची रोपं वाळतील, तू काही करत नाहीस, असं सरळ म्हटलं. म्हणून झाल्यावर रडू आलं आणि झोप लागली.

माझा एक मित्र किकवीहून रोज मोटारसायकलवरून कॉलेजला येतो. तो बौद्ध घरातला आहे. मी आजारी असताना तो तासांच्या नोट्स आणून द्यायचा आणि येताना उसाचा रस आणायचा. मी तो बर्फाशिवाय प्यायचो. मी गप्प आहे हे बघून त्याने विचारलं आणि मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मधेच त्याने हात वर केला.

"थांब. नारळ फोडला नाही?"

"नाही. आम्ही ख्रिस्ती झालो ना."

"ते माहितीये. मग खोबरंही वाटलं नसेल."

"कसलं वाटणार?"

"मग बोलावलं कसं?"

"बोलवायचं काय? पाळी ठरलेली असते. सगळ्यांना माहीत असते."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हसायला लागला. मला राग आला.

"हसू नको रे."

"अरे लेका, तुमच्या गावात खोबरं म्हणजेच बोलावणं. खोबरं आलं नाही म्हणजे बोलावणं आलं नाही. बिनबोलावता कोण कुणाच्या खाचरात उतरेल? आमच्या आज्याने देव सोडले तेव्हा आमच्याकडचाही नारळ बंद झाला. मग आजा पेरणी-कापणीला दारोदार जाऊन तोंडाने सांगायचा. आजी वैतागायची. म्हणायची, 'आधी एका नारळात भागायचं, आता ह्यो मानूस घरटी चहा पिऊन येतोय.'"

मला हसू आलं नाही. आई बांधावर बसून वाट बघत होती, आणि त्याच वेळी तीच माणसं तिच्या खोबऱ्याची वाट बघत होती, असं असू शकेल का? की त्यांनी खरंच टाकलं होतं? भोरात खोलीत पडून हे कळायला मार्ग नव्हता.

"पण आई सांगायला जाणार नाही," मी म्हणालो. "तिला ते भीक मागितल्यासारखं वाटतं. शिवाय ती म्हणते, विश्वास आहे तर माणसांपुढं कशाला जायचं."

"ते तुमचं तुम्ही बघा. त्यातलं मला कळत नाही," तो म्हणाला आणि ग्लास विसळून ठेवला.

तो गेल्यावर मी शास्त्र उघडलं. स्तोत्रं संपवून मी पत्रांपर्यंत आलो होतो. तुरुंगात असलेल्या प्रेषिताने आपल्या तरुण सोबत्याला लिहिलेलं पत्र होतं. धाव संपवली, विश्वास राखला असं तो त्यात म्हणतो. हे वाक्य आमच्याकडे अंत्यविधीला वाचतात, त्यामुळे ते माझ्या ओळखीचं होतं. त्याच्या पुढचं मी कधी नीट वाचलं नव्हतं. तो लिहितो की लवकर ये, हिवाळ्याच्या आत ये, आणि येताना अमक्याच्या घरी राहिलेला माझा झगा घेऊन ये. पुस्तकंही आण म्हणतो. आणि मग लिहितो की पहिल्या जबाबाच्या वेळी माझ्या बाजूने कुणीसुद्धा उभं राहिलं नाही, पण ते त्यांच्या माथी येऊ नये.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. ज्याने विश्वास राखला तो माणूस थंडीने काकडत होता आणि त्याने तसं सांगितलं. झग्यासाठी त्याने फक्त प्रार्थना केली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं. त्याने माणसाला निरोप धाडला. मी काही पंडित नाही आणि या ओळींचा अर्थ मी लावला तोच असेल असंही नाही. पण आईला जे बोलायला माझ्याकडे शब्द नव्हते ते तिथं होते. टिकून राहायचं म्हणजे बांधावर गप्प बसून राहायचं, असं आम्ही दोघांनी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी मित्र आल्यावर मी त्याला विचारलं की तू पासलीला जाशील का. गावात मोबाईल आहेत, पण मोठ्या पावसात वीज गेली की टॉवर बंद पडतो, आणि तेव्हा तो बंदच होता.

"काय सांगू जाऊन?" तो म्हणाला.

"आईला सांग, घरोघर जा आणि तोंडाने सांग. म्हणावं, झगा मागणारा माणूस आहे शास्त्रात. मी बरा झालो की वाचून दाखवतो."

"झगा?"

"तू फक्त सांग."

तो गेला आणि संध्याकाळी चिखलाने माखून परत आला. वेल्ह्याच्या पुढं दरड कोसळली होती. रस्ता बंद. गाडी पलीकडे जाईना. दुधाचे कॅन खांद्यावर घेऊन एक दूधवाला दरडीवरून पायी पलीकडे चालला होता, त्याच्याजवळ निरोप दिला म्हणाला.

"त्याने नीट ऐकलं का?"

"सांगतो म्हणाला. पण कानाला टॉवेल गुंडाळला होता आणि पाऊस असला. किती ऐकलं ते देव जाणे." मग थांबून म्हणाला, "तुझा. माझा त्याच्याशी संबंध नाही."

त्यानंतर काहीच कळलं नाही. निरोप पोचला का, पोचला तर आई गेली का, गेली तर कुणी दारं लावून घेतली का, काही नाही. वेल्ह्याची गाडी स्टँडवर पुकारली जायची, पण ती वेल्ह्यापर्यंतच. मी मावशींना विचारलं की अशा वेळी काय करायचं असतं. मी त्यांच्याकडून एखाद्या वचनाची अपेक्षा करत होतो. त्या माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, "मलाही नाही ठाऊक, बाळा. ताक पी." आणि ताक पीत असताना त्या माझ्या शेजारी बसून राहिल्या, भांडं रिकामं झालं तरी. मनात वाईट विचार येत. वाटे, आपण आईला हा मार्ग धरू दिला नसता तर आज तिच्या खाचरात माणसं असती. मग वाटे, तो तिने धरलाय, मी कोण धरू देणारा. शास्त्र मी वाचत होतो. काही दिवस एकच पान. ते पान वाचून धीर आला असं नाही. पण ते मिटवून ठेवावंसंही वाटलं नाही.

शेवटी फोन आला तो काकांचा. रस्ता मोकळा झाल्यावर ते खत न्यायला वेल्ह्याच्या बाजारात आले होते. मी हॅलो म्हटलं. मागे टेम्पोचा आवाज येत होता.

"कोन, तूच का?" ते म्हणाले. "जेवतोस का?"

"हो काका. मऊ भात."

"डोळं?"

"अजून पिवळे आहेत थोडे."

"हं." मग म्हणाले, "तुजी आई दारात आली व्हती. घरटी गेली. आमच्याबी दारात आली. म्हनली, 'उंद्या माजी लावनी हाय, या.' एवढंच म्हनली आन हुबी ऱ्हायली."

मी गादीवर उठून बसलो.

"म्या म्हनलं, 'वैनी, आमी तुमच्या खोबऱ्याची वाट बघून दमलो. आमाला वाटलं तुमची भोरची मानसं टेम्पो भरून येनार, म्हनून आमाला सांगितलं न्हाई. तोंड न्हवतं व्हय आधी?' तर ती म्हनली, 'व्हतं, पर उघडलं न्हाई.'"

"मग आले का काका? माणसं आली?"

"समदी न्हाई. काई म्हनली, नारळ न्हाई तर पाय ठिवनार न्हाई. त्यांचं त्यांच्यापाशी. बाया आल्या बऱ्याच. तुजी काकी आली. म्या न्हाई उतरलो, खोटं कशाला सांगू. बैल दिलं."

"बैल दिले?"

"मग काय हातानं चिखल करनार व्हती का ती?"

मी विचारलं, "सगळं लागलं?"

टेम्पोवाल्याने त्यांना हाक मारली. ते त्याच्यावर खेकसले, थांब म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून माझ्याशी बोलले.

"खालचं लागलं. वरचं न्हाई. वरच्या रोपाला कांडं धरली व्हती, उशीर झाला व्हता. तुज्या आईनं ते कापून गुरांना घातलं. वरची खाचरं पडीक ऱ्हायली औंदा." मग म्हणाले, "खालचं नीट आलं तर शिमग्यापत्तोर पुरंल. त्याच्या फुडं इकत घ्यावं लागंल."